कोरड्या नळाची पाणीपट्टी

नळाला पाणी येवो वा न येवो, पाणीपट्टीची मागणी मात्र न चुकता येते. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांत घरगुती नळाला मीटर नाही. नळाच्या व्यासावरून वार्षिक आकार ठरतो. अर्धा इंची नळ नावावर चढला की पाणी किती घेतले, हा प्रश्नच उरत नाही. कुटुंब पोटासाठी गाव सोडते, वाडा पडतो, नवी जलवाहिनी आल्यावर जुना नळ कोरडा होतो. तरी कार्यालयाच्या नोंदवहीत तो वाहतच राहतो. मग एके दिवशी साचलेल्या थकबाकीची नोटीस हाती पडते. जाब विचारावा, तर उलट सवाल येतो: 'नळ बंद करण्याचा अर्ज दिला होता काय?'

या सवालात नोकरशाहीचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. अर्ज न करणे हा नागरिकाचा अपराध. वर्षानुवर्षे त्या नळाकडे न फिरकणे हा मात्र पालिकेचा अपराध नव्हे!

सार्वजनिक व्यवस्थेसाठी कर द्यावयास कोणत्याही समाजवाद्याची हरकत असणार नाही. परंतु पाण्याचा आकार ही घेतलेल्या पाण्याची किंमत होय. न दिलेल्या मालाची किंमत मागणारा वाणी लबाड ठरतो. तेच पालिकेने केले की ते प्रशासन ठरते. त्यावर दंडाचा भार वेगळाच. मुंबईत थकीत जलदेयकावर दरमहा 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के अतिरिक्त आकार लावला जातो. सावकारी याहून वेगळी ती काय? 2020 साली तेथे 'अभय योजना' आली. मूळ रक्कम भरणाऱ्यास हा आकार माफ झाला. आकारणी न्याय्य होती, तर माफी कशासाठी? अन्याय्य होती, तर आकारणीच का? शिवाय ज्याच्यापाशी मूळ रक्कमच नाही, त्याला अभय कसले?

'थकबाकी सोडली तर पालिका चालणार कशा?' असा युक्तिवाद केला जातो. तो करणाऱ्यांनी आधी बड्या थकबाकीदारांची, त्यांतील सरकारी खात्यांचीही, दारे ठोठवावीत. 2003 च्या वीज कायद्यानुसार सलग थकबाकी म्हणून न दाखविलेली रक्कम दोन वर्षांनंतर ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. विजेला जे बंधन, ते पाण्याला का नसावे?

गोरेगावच्या वस्त्यांसाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना जनतेने 'पाणीवाली बाई' म्हटले, ते पाणी हा हक्क आहे हे त्यांनी रस्त्यावर सिद्ध केले म्हणून. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अनधिकृत झोपडीतील माणसाचा पाण्याचा हक्क मान्य केला. तो हक्क जुन्या, मृत नळाच्या थकबाकीपोटी अडवून धरणे आणि ती फिटेपर्यंत नवा नळ नाकारणे, ही गरिबाची पिळवणूक होय. अशा कारभारानेच सार्वजनिक पाणीपुरवठा बदनाम होतो आणि खासगीकरणवाल्यांचे फावते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक बंद नळाची पालिकेने स्वतः पाहणी करून पंचनामा करावा; पाणी बंद झाल्याच्या दिवसापासूनचा आकार व दंड रद्द करावा; वाद मिटेपर्यंत चालू नळ तोडू नये; भाडेकरूवर मालकाची थकबाकी लादू नये. कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून अशा नोटिसा गोळा कराव्यात आणि त्यांचा ढीग सभागृहापुढे मांडावा. एकेकट्या माणसाचा अर्ज दप्तरात पडून राहतो. हजारांचा मोर्चा दप्तर उघडायला लावतो.