शिक्षा कोणाला? मुलीलाच?

न्हावऱ्यासारख्या गावातून मुलगी एस.टी.ने महाविद्यालयात जाते. पदवी घेणारी घराण्यातील ती बहुधा पहिलीच. उद्या एखाद्या प्राध्यापकाने गुणांची लालूच दाखवून तिच्याशी गैरवर्तन केले, तर ती घरी सांगेल काय? घरचा निवाडा तिला आधीच ठाऊक असतो : "उद्यापासून कॉलेज बंद, आणि कोठे ब्र काढू नकोस!" अपराध त्याचा, शिक्षा हिला. यालाच आपण अब्रू राखणे म्हणतो!

'विशाखा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तक्रार समितीचे बंधन घातले ते १३ ऑगस्ट १९९७ रोजी. ते कागदावरच राहते म्हणून पुण्याच्या डॉ. मेधा कोतवाल-लेले न्यायालयात गेल्या. पुढे २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आले. आज प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिची अध्यक्ष स्त्री. कुलगुरू वा विभागप्रमुख यांना तिच्यात स्थान नाही. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. मात्र लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असेल तरच मुदत वाढते. "एवढी परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणणारे आईबाप हीच मुदत घालवतात.

"आणि तक्रार खोटी असली तर?" दानिएलच्या ग्रंथातील सुसान्ना आठवा. दोघा वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर आळ घेतला आणि लोकांनी त्यांच्या पिकल्या केसांवर विश्वास ठेवला. दानिएलने दोघांना वेगवेगळे विचारले. एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरे. निरपराध माणसाला चौकशी वाचवते, मौन नव्हे. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला कायद्यात शिक्षा आहे. पण केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रारदार दोषी ठरत नाही.

मुलींच्या वसतिगृहाला संध्याकाळीच कुलूप आणि मुले मात्र मोकळी, हाही त्याच वृत्तीचा पसारा. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर वेगळे निर्बंध लादू नयेत, असे २०१५ चेच नियम सांगतात.

तेव्हा पालकहो, लेक बोलली तर प्रथम म्हणा, "तुझे काही चुकले नाही." तारीख, वेळ लिहून ठेवा, आलेले संदेश जपा, अर्ज लिहायला तिच्याजवळ बसा आणि समितीपुढे जाताना सोबत जा. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा त्याच एस.टी.त बसवा. घरी बसायचे असेल तर ते अपराध्याने बसावे.