केंड पोचला, माहिती मागेच

कोकणातल्या कोळ्याला केंड माहीत असतो. जाळ्यात आला तर तो फेकून देतो. भूमध्य समुद्राच्या काठी ही ओळख नव्हती. तांबड्या समुद्रातला रुपेरी केंड सुएझ कालव्यातून तिकडे शिरला आणि तापत्या पाण्यात तगला. २००३ मध्ये तो तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडला. २००५ ते २००८ या काळात इस्रायलमध्ये तो खाऊन १३ जणांना विषबाधा झाली. सुदैवाने सगळे वाचले.

त्याचे विष, टेट्रोडोटॉक्सिन, तळून-उकळून जात नाही. आधी ओठ-जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रुग्ण बहुधा शुद्धीवरच असतो. उतारा नाही. मात्र व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला, तर विष एक-दोन दिवसांत ओसरते. त्यासाठी ‘काय खाल्ले?’ हा प्रश्न वेळेत विचारला गेला पाहिजे.

तुर्कस्तान पकडलेल्या केंडाच्या शेपटीमागे पैसे देते. चांगलेच आहे. विक्रीलाही बंदी आहे. पण विकता न येणारा मासाच कोळ्याच्या घरी शिजण्याचा धोका अधिक. त्याचे चित्र बंदरावर लागायला हवे, आणि रुग्णालयाच्या अपघात विभागातही.