पाउंड केकचा उपदेश आणि टाळ्या वाजवणारे आपण

बिल कॉस्बीचं वीसेक वर्षांपूर्वीचं भाषण मराठीत येऊन ग्रुपाग्रुपांवर फिरतंय. काळ्या माणसानेच काळ्यांना आरसा दाखवला, अशा थाटात. खाली अंगठे, टाळ्या, आणि आपल्याकडेही कुणीतरी हे बोलायला हवं म्हणून सुस्कारे. मी ते भाषण मुळातून वाचलंय, म्हणून लिहितो. पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो.

१७ मे २००४. वॉशिंग्टनमधला कॉन्स्टिट्यूशन हॉल. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १७ मे १९५४ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ब्राउन खटल्यात एकमताने सांगितलं होतं की काळ्या-गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे. त्याचा सुवर्णमहोत्सव होता. ज्यांनी तो खटला लढवला त्यांचे वारसदार समोर बसलेले, आणि कॉस्बी उठून काय बोलला? तर गरीब काळ्यांनी आपला वाटा उचलला नाही. आईबाप पोराला महागडे बूट घेतात, वाचायला शिकवण्यावर खर्च करत नाहीत. त्यांच्या बोलण्याची टिंगल, पॅन्टींची टिंगल, मुलांच्या नावांची टिंगल. आणि तो प्रसिद्ध केक: पोरगं पाउंड केकचा तुकडा चोरतं, पोलिसाची गोळी खातं, आणि तुम्ही पोलिसावर चिडता, पण मुळात त्याच्या हातात केक का होता, ते विचारा! लोक हसले. टाळ्या पडल्या.

आता कॉस्बीला उडवून लावणं सोपं आहे. डझनावारी बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, त्याने ते नाकारले, २०१८मध्ये तो दोषी ठरला, २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने ते प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द केलं. (मधे २०१५मध्ये एका न्यायाधीशाने त्याची जुनी जबानी खुली केली, तेव्हा दिलेल्या कारणांत हेही होतं की हा माणूस जगाला नीतीचे धडे देत फिरतो. असो.) पण मला तो रस्ता नको. कॉस्बी संत असता तरी ते भाषण चूकच होतं.

का, ते कळायला त्या हॉलचाच इतिहास बघा. १९३९मध्ये मॅरियन अँडरसन या गायिकेला तिथे गायचं होतं. गरीब घरातली, चर्चमध्ये गाऊन मोठी झालेली, युरोप गाजवून आलेली बाई. जर्मन, इटालियन गाणी सफाईने गाणारी. उच्चार, पेहराव, वागणं, कॉस्बीच्या कुठल्याही कसोटीवर शंभरपैकी शंभर. हॉलच्या मालक संस्थेने दार बंद केलं, कारण ती काळी होती. शेवटी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायली, ऐकायला पाऊण लाख माणूस. त्याच हॉलमध्ये उभं राहून ‘तुम्ही नीट वागत नाही म्हणून मागे राहिलात’ असं सांगायचं, म्हणजे कमाल आहे.

नावांचं तर फारच मजेशीर. ज्या वर्षी कॉस्बीने काळ्या मुलांच्या नावांवर हशा मिळवला, त्याच वर्षी एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार खोटे अर्ज पाठवले, पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. गोरं वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळं वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे एक. खोट नावात होती की ते वाचणाऱ्याच्या डोळ्यात? दोष दिला कुणाला? आईला.

आणि केक चोरणं चूक, मान्य. त्याची शिक्षा गोळी, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मुलांना शिकवा, पैसा जपून वापरा, यात वाईट काहीच नाही. बुकर टी. वॉशिंग्टन हेच सांगायचे, माल्कम एक्स वेगळ्या भाषेत हेच सांगायचा, काळ्यांच्या चर्चमधून हेच ऐकू येतं. पण ते घरातलं बोलणं, सोबत राहणाऱ्यांचं. कॉस्बी तसा दानशूर, १९८८मध्ये स्पेलमन कॉलेजला त्याने आणि त्याच्या बायकोने दोन कोटी डॉलर दिले, हेही लिहायला हवं. पण तो स्वतः वर आला कसा? वाढला फिलाडेल्फियाच्या सरकारी वसाहतीत. शाळा अर्धवट सोडली. नौदलात असताना शाळेची परीक्षा पूर्ण केली, मग खेळाच्या शिष्यवृत्तीवर टेंपल विद्यापीठ. प्रत्येक पायरीला कुणीतरी सार्वजनिक खांदा दिलाय, आणि वर गेल्यावर म्हणतो, स्वतःच्या पायावर उभे राहा.

उलट सरकारी खांदा कुणाला नाकारला, तेही मोजा. १९३४नंतर अमेरिकन सरकारने गृहकर्जांना हमी देऊन गोऱ्या मध्यमवर्गाला घरं मिळवून दिली, आणि काळ्यांच्या वस्त्या नकाशावर धोक्याच्या ठरवून बाजूला ठेवल्या. घर नाही म्हणजे मुलांना द्यायला काही नाही. २०२२च्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची सुमारे ४५,०००. एवढे बूट कोण विकत घेतं हो?

आता आपल्याकडे येतो, कारण या मेसेजवर सगळ्यात जोरात टाळ्या आपल्याच न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या काका-मावश्यांच्या आहेत. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, कष्टाने वर आलो, यांनाच काय झालंय? काका, तुम्ही कष्ट केलेत, कुणी नाही म्हणत नाही. पण १९६५च्या आधी साऱ्या भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. तो कायदा बदलला नागरी हक्क चळवळीच्या लाटेत. त्या लाटेसाठी काळ्या माणसांनी कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेतले. तुम्ही आत गेलात ते सीओईपी, व्हीजेटीआय नाहीतर केईएमची डिग्री घेऊन, जिचा खर्च इथल्या करदात्याने उचलला होता. दोन बॅगांमध्ये ती डिग्री होती, हे विसरू नका. आपल्या जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली होती, तेही एकदा काढून बघा.

कॉस्बीच्या त्या शेऱ्यांतल्या माणसांपैकी किती जण त्या रात्री हॉलमध्ये होते? ते समारंभाला येणारे लोकच नव्हते. ऐकणारे होते वकील, प्राध्यापक, देणगीदार. त्याच मंचावर नंतर बोलताना एनएएसीपीच्या कायदा निधीचे प्रमुख थिओडोर शॉ यांनी सांगितलं की सगळ्या अडचणी या लोकांनी स्वतः ओढवून घेतलेल्या नाहीत. त्याचं भाषांतर कुठल्या ग्रुपवर फिरताना मला दिसलं नाही.

कमेंटमध्ये वाद घाला, जरूर घाला. फक्त तिसऱ्या वाक्याला आरक्षणावर घसरू नका, त्यावर वेगळी पोस्ट लिहितोय.