मधली वर्षं कुठे गेली?

बदामीला जाणारी मंडळी लेणी बघतात, तळ्याकाठी फोटो काढतात आणि परततात. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ.स. ५७८ चा, म्हणून 'बाप रे, केवढं जुनं!' असं म्हणून होतं. पण ज्या लाल वालुकाश्मात ही लेणी कोरली तो ५४ कोटी वर्षांहूनही जुना आहे. आणि मला विचाराल तर तिथे बघण्यासारखं आणखी काहीतरी आहे: जे थर तिथे नाहीत ते.

ही कलादगीची गाळाची द्रोणी. (कलादगी हे गाव बागलकोटजवळ.) रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली 'दक्षिण मराठा मुलखा'च्या भूशास्त्रावर ग्रंथ छापला, त्यात हे खडक आहेत. आपल्या सिंधुदुर्गात आणि दक्षिण कोल्हापुरातही ते लाव्ह्याखालून डोकावतात, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

तळाला २५० कोटी वर्षांहून जुने ग्रॅनाइट आणि नाइस. मग जमीन खचली, पाणी आलं, वाळू-चिखल-चुना साचत काही हजार मीटर थर झाले. पुढे बाजूंनी दाब आला, थरांना सतरंजीसारख्या घड्या पडल्या, ते वर उचलले गेले आणि ऊन-पावसाने झिजून सपाट झाले. मग जमीन पुन्हा खचली आणि त्या तिरक्या, कापल्या गेलेल्या कडांवर बदामीचा वालुकाश्म जवळजवळ आडवा पसरला. खाली तिरके, वर आडवे, मध्ये नुसती एक रेघ. डोंगर होऊन झिजून गेल्याचं सगळं त्या रेघेत!

त्याच्यावर, पश्चिमेकडे, थेट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. म्हणजे निदान ४७ कोटी वर्षं जवळजवळ गायब. डायनोसॉर आले नि गेले, ते याच फटीत.

याला 'पृथ्वीच्या पुस्तकाची हरवलेली पानं' म्हणतात ते मला पटत नाही. काही पानं लिहिलीच गेली नाहीत, काही लिहून खोडली गेली. त्याच काळात तिकडे चंद्रपूरकडे जमीन खचत होती, तिथे कोळसा साचला. इकडे जमीन वर होती, ती झिजत राहिली. 'थर नाही' म्हणजे 'काही घडलं नाही' असं नव्हे.

असो. आता घरच्या वाचकांसाठी. आपल्या कुलवृत्तांतात मधल्या तीन पिढ्यांची नावं मिळत नाहीत, म्हणून ती 'अंदाजाने भरून टाकू' असं चाललंय. माझा ठाम विरोध आहे. भूशास्त्रज्ञ अशा जागी आपल्या मनाचा थर काढत नाहीत, नागमोडी रेघ ओढतात. तीन पिढ्या कुठे होत्या, गाव सोडलं की कागद जळले, हे पुढचं कुणीतरी शोधेल. आपणच नावं बसवली तर शोधायचं काही आहे हेही त्याला कळणार नाही. तेव्हा काका, छपाईला द्यायच्या आधी ती तीन नावं काढा आणि तिथे तशीच एक रेघ ओढा.