दुकान की व्यापार धोरण?

पोलादपूरची एक मुलगी मला म्हणाली, "सर, एम.ए. करून आंतरराष्ट्रीय व्यापार धोरणात जायचंय. घरचे म्हणतात, दुकान टाक."

माझं मत? शिकू द्या. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारे बाबासाहेब त्याआधी काय शिकले, बघा. कोलंबियात १९१५ मध्ये एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर, लंडनला १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावर. रुपया घसरला की निर्यातदार कमावतो, पण मजुरी महागाईला गाठत नाही, हे त्यांनी तेव्हाच मांडलं.

आज खाद्यतेल बरंचसं आयात होतं. डॉलर चढला की डबा महाग, आणि गिऱ्हाईक तोंड आपल्यावर टाकतं! मग जिथं हे ठरतं, तिथं आपल्या तालुक्याचं माणूस नको? दुकान मीही चालवतो. पोरीला अडवू नका.