विश्लेषण : श्रवणयंत्र मिळाले, संवादाचे काय?

तंजावर : ऐकू येणे कमी झाले की वृद्ध व्यक्ती प्रथम दूरध्वनी टाळते, मग लग्नकार्य आणि अखेरीस घरातले बोलणेही. कुटुंबीय ही माघार वयाचा परिणाम मानतात. तिच्याआड नैराश्य असू शकते, हे क्वचितच लक्षात येते. तमिळनाडूसारख्या झपाट्याने वयस्क होणाऱ्या राज्यात हा प्रश्न आता केवळ कानाच्या उपचारापुरता राहिलेला नाही.

लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजानुसार तमिळनाडूत साठीपुढील नागरिकांचे प्रमाण २०२१ मध्ये १३.६ टक्के होते. २०३१ पर्यंत ते १८.२ टक्के होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, मध्यम किंवा त्याहून तीव्र श्रवणदोष साठीच्या दशकात १५.४ टक्के, तर नव्वदीपुढे ५८.२ टक्के लोकांत आढळतो. श्रवणदोष असलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले आहे.

हे नैराश्य सहसा नोंदीत येत नाही. देशातील वार्धक्यविषयक ‘लासी’ सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. निदान झालेल्यांचे प्रमाण मात्र ०.८ टक्केच होते. श्रवणदोष असलेल्यांची अडचण दुहेरी आहे. मानसिक आरोग्याची चाचपणी प्रामुख्याने तोंडी प्रश्नांनी होते. प्रश्नच नीट ऐकू न आल्यास उत्तर ‘बरे आहे’ असेच येते. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा उपयुक्त आहे. पण दूरध्वनीवर बोलणे उमगत नाही, त्याच्यासाठी ती जवळजवळ बंदच ठरते.

केंद्राच्या ‘राष्ट्रीय वयोश्री योजने’तून २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्रे दिली जातात. मात्र यंत्र हाती पडणे म्हणजे ऐकू येणे नव्हे. आवाजाची पातळी जुळवणे, घटक बदलणे, साचलेला मळ काढणे आणि भांड्यांच्या, पंख्यांच्या वाढलेल्या आवाजाला सरावणे यासाठी काही आठवडे लागतात. त्या काळात मदत न मिळाल्यास यंत्र कपाटात जाते.

ही पोकळी महाविद्यालये काही अंशी भरून काढू शकतात. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याची पद्धत या भूमीला नवी नाही. अँड्र्यू बेल यांनी १७८९ च्या सुमारास मद्रासजवळील एगमोरच्या अनाथालयात ती राबवली आणि पुढे ती इंग्लंडमध्ये ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. स्थानिक शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवत असल्याचे पाहून बेल यांना तिची प्रेरणा मिळाली होती. ज्याला नुकतेच समजले आहे, तो नवशिक्याच्या अडचणी चांगल्या ओळखतो, हे तिचे मर्म आहे.

तंजावरमध्ये वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच सरफोजीराजांच्या नावाचे शासकीय महाविद्यालयही. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना यंत्राची हाताळणी शिकवावी आणि त्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून ज्येष्ठांच्या घरी जावे, अशी साखळी उभारणे अवघड नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, न ओरडता सावकाश बोलण्याचा सराव घरच्यांनाही देता येईल. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणाऱ्या येथील जुन्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलणारा विद्यार्थी मिळाल्यास त्याचे मोल अधिक.

या उपक्रमाच्या मर्यादाही स्पष्ट हव्यात. विद्यार्थी समुपदेशक नव्हेत. झोप उडणे, अन्न नकोसे होणे, जगण्याविषयी निराशेचे उद्गार अशी लक्षणे दिसताच प्रकरण डॉक्टरांकडे गेले पाहिजे. केवळ श्रवणयंत्राने नैराश्य दूर होते, असाही दावा करता येत नाही. त्याबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात भेटी खंडित झाल्यास एकटेपण उलट अधिक बोचेल.

त्यामुळे योजनेचे यश वाटलेल्या यंत्रांच्या संख्येवर मोजणे पुरेसे नाही. सहा महिन्यांनंतर किती यंत्रे प्रत्यक्ष कानात आहेत आणि किती ज्येष्ठ पुन्हा घरातल्या गप्पांत सामील झाले, ही मोजणी अधिक अर्थपूर्ण ठरेल.