गावाकडे पाठ फिरवलेला बल्कांव

गोव्याच्या किनाऱ्यावर अलीकडे ‘बुटीक’ हॉटेले उभी राहत आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, पुढे बल्कांव. रचनाकाराची दृष्टी वाखाणण्यासारखी, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बल्कांव म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसण्याची जागा. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस तेथूनच होई. अशा अनेक हॉटेलांतील बल्कांव समुद्राकडे पाहतो आणि गावाकडे पाठ फिरवतो! १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा नव्या बांधकामांस बहुतांशी बंद केला होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत तो ५० मीटरांवर आणण्याची वाट मोकळी केली. मग रापणकारांनी होडी कोठे ओढावी, जाळे कोठे वाळवावे? कुंपण घालण्यापूर्वी हे गावाला विचारलेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.